क्लीनरची बाजू

“तुमच्या हातात गरीब गाय हाय बघा ती,” रावसाहेब म्हणाले. “माझ्या हातात आली की अडती.”

येरवडा मागे टाकून आम्ही नगर रोडला लागलो होतो. पिकअप मी चालवत होतो. रावसाहेब डाव्या सीटवर, म्हणजे आमच्या भाषेत क्लीनरच्या बाजूला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. नको असलेल्या पाहुण्याकडे गेल्यावर माणूस बसतो तसे. वाघोलीपर्यंत गेलो, गाडी वळवली आणि परत मंगळवार पेठेत माझ्या गॅरेजपर्यंत आणली. वाटेत तिला मुद्दाम छळलं. खड्ड्यात घातली, चढावर धरली, सिग्नलला उभ्या उभ्या रेस केली. एकदाही बंद पडली नाही.

“पडली का बंद?” उतरताना त्यांनी विचारलं. जणू ते गाडीत नव्हतेच.

“नाही.”

“म्हंजे मी खोटं बोलतोय.”

“असं मी म्हटलं का?”

“तुम्ही म्हननार न्हाय. तुमचं तोंड म्हनतंय.”

दुरुस्तीसाठी गाडी आणायची ही त्यांची तिसरी खेप होती.

रावसाहेब वाघोलीचे. बाराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, अठराव्या वर्षी स्टिअरिंगवर आले, आणि त्यानंतर बेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. काचा नेल्या, फरशा नेल्या, एकदा तर एका डॉक्टरांचा जुना पियानो कोकणात उतरवला. आमच्या लाईनीत त्यांच्याबद्दल बोललं जायचं की रावसाहेबांच्या गाडीत अंडी भरायची असतील तर खाली गवत नको. साठी उलटल्यावर, गेल्या दिवाळीत, त्यांनी आयुष्यातली स्वतःची पहिली गाडी घेतली. एका भाजीच्या व्यापाऱ्याने वापरलेली, सात वर्षं जुनी. घेण्याआधी मला दाखवायला आणली. मी इंजिन ऐकलं, खाली झोपून चेसी बघितली आणि म्हणालो, घ्या. म्हणजे गाडी त्यांची असली तरी शब्द माझा होता.

कामही चांगलं मिळालं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातला केदार नगर रोडच्या दुकानांना आणि सोसायट्यांना माठ पुरवतो. मातीचा माल न्यायला त्याला हळवा हात हवा होता. फेब्रुवारीपासून रावसाहेब आठवड्याला तीन खेपा करू लागले. आणि मार्चमध्ये गाडी बंद पडायला लागली. चार दिवस काही नाही, मग एकाच दिवसात दोनदा. बंद पडताना हिसका बसायचा आणि मागे माठावर माठ आपटायचे. होळीच्या आठवड्यात अकरा माठ फुटले.

केदारने मला फोन केला. “श्याम मिस्त्री, काकांना मी काही बोलू शकत नाही, माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. तुम्ही काय ते गाडीचं बघा. नाहीतर मला दुसरी गाडी बघावी लागेल.”

कधीमधी बंद पडणारी गाडी हे मिस्त्रीचं सगळ्यात मोठं दुखणं. कायमची बिघडलेली गाडी प्रामाणिक असते, जे झालंय ते समोर ठेवते. ही मात्र गॅरेजच्या दारात आली की शहाण्यासारखी वागते. अशा वेळी आधी विचारायचं असतं, बंद पडते म्हणजे कशी पडते? डिझेल कमी पडलं तर गाडी धाप लागून मरते. ओढ जाते, अडखळते, मग थांबते. वायरीचा दोष असेल तर दिवा विझावा तशी, न सांगता जाते.

रावसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “ठेच लागल्यागत पडती.”

मी ते डिझेलच्या खात्यात टाकलं. फिल्टर बदलला. टाकी उतरवून धुतली. झाकणाच्या भोकातली माती काढली, कारण ते भोक बुजलं तर टाकीला श्वास घेता येत नाही. मग वायरींकडे वळलो. बॅटरीची टोकं घासली, इंजिनची अर्थिंगची वायर नवीन टाकली. शेवटी गाडी स्वारगेटला सौमित्रकडे नेली. तो कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतो.

“काका, एकही एरर नाही,” तो म्हणाला. “गाडी एकदम क्लीन आहे.”

“अरे, बंद पडते.”

“सिस्टीमच्या मते नाही पडत.”

“मग तुझ्या सिस्टीमला म्हणावं, एकदा माठ घेऊन वाघोलीला जाऊन ये.”

तो हसला. मला हसू आलं नाही. शब्द माझा होता.

तेव्हा मी रावसाहेबांच्या हातात एक शंभर पानी वही ठेवली. मी अक्षरं पन्नाशीनंतर शिकलो. त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर माझा जरा जास्तच विश्वास आहे. ज्यांना लहानपणीच मिळाली त्यांचा तेवढा नसावा.

“बंद पडली की लिहायचं,” मी म्हणालो. “तारीख, वेळ, जागा. माल किती, डिझेल किती, गाडी काय करत होती.”

“म्हातारपणी गृहपाठ?”

“शाळेत केला असतात तर आता दिला नसता.”

“आन् तुम्ही लई केलावता!” ते म्हणाले आणि वही डॅशबोर्डवर ठेवून गेले.

दोन आठवड्यांनी वही परत आली. रावसाहेब चौथी शिकलेले, पण अक्षर सरळ, रेघेवर बसलेलं. मी दुपारची जेवणाची सुट्टी झाल्यावर गॅरेजचं अर्धं शटर ओढलं आणि बोट ठेवून वाचायला लागलो.

‘२ तारीख. सकाळी ९.४०. खराडी बायपासचा सिग्नल. माल भरलेला. डिझेल अर्धी टाकी. थांबताना बंद.’

‘५ तारीख. ११ वाजता. सोसायटीचं गेट. वॉचमनने हात केला तेव्हा.’

‘९ तारीख. शाळेपुढचा स्पीडब्रेकर. दोनदा. मागच्यांनी शिव्या दिल्या. मी पण दिल्या.’

‘१२ तारीख. घराच्या दारात. गाडी रिकामी. कौशल्या म्हणाली, तुम्हाला बघून घाबरती.’

सोळा नोंदी होत्या. मी एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या. गाडी गरम असताना पडली होती, थंड असतानाही. भरलेली, रिकामी, टाकी काठोकाठ, टाकी तळाला. कशाचा कशाला मेळ नव्हता. एक गोष्ट मात्र सोळाही ठिकाणी होती. गाडी थांबत होती किंवा हळू होत होती. मोकळ्या रस्त्यावर एकदाही बंद पडली नव्हती.

गाडी बंद पडण्याचा तिसरा एक प्रकार असतो. त्यात इंजिनचा दोष नसतो. गाडी गिअरमध्ये असते, वेग संपतो आणि क्लच दाबलेला नसतो. मग ती ठेच लागल्यासारखी पडते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या दिवसाला वीसदा अशा पडतात.

मी वही मिटली आणि परत गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली.

आमच्या धंद्यात ड्रायव्हरच्या पायावर बोट ठेवत नाहीत. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. फार वर्षांपूर्वी मी एका ट्रकवाल्याला म्हणालो होतो, बाबा, गाडी बरी आहे, तुमचा पाय बघा. त्याने चहा तसाच ठेवला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही, आणि त्याच्या ओळखीतले पाच-सहा जणही आले नाहीत. आणि हे तर रावसाहेब. ज्यांच्या गाडीत अंड्यांना गवत लागत नव्हतं.

मी गाडीचा क्लच खोलला. पेडलपासून पार आतल्या प्लेटपर्यंत सगळं काढलं. प्लेट अजून दोन वर्षं चालली असती, तरी नवीन टाकली. माणसाचं नाव घेणं जड जात होतं म्हणून मी दोन दिवस गाडीखाली झोपून होतो.

“क्लचच होता,” मी त्यांना सांगितलं.

“सुटलो,” रावसाहेब म्हणाले. “मला आपलं वाटायला लागलं हुतं की गाडीच पनवती हाय.”

आठवड्याने त्यांचा फोन आला. “मिस्त्री. पडली.”

तेव्हा मी म्हणालो, उद्या तुमच्याबरोबर येतो. तुम्ही चालवा, मी बसतो.

एप्रिलचा शेवट होता. सकाळी साडेदहालाच कुंभारवाड्यात जमीन भाजत होती. केदारची माणसं माठ भरत होती आणि रावसाहेब हौद्याभोवती फिरून दोर आवळत होते. कुठला माठ कुठे टेकवायचा ते स्वतः सांगत होते. मी सावलीत उभा होतो. दोराला शेवटची गाठ मारून ते पुढे आले, केदारला म्हणाले, “आज बघ, एक टवका उडनार न्हाय,” आणि दार उघडून स्टिअरिंगवर बसले.

मागच्या चाकाजवळ एक चप्पल उलटी पडली होती. डाव्या पायाची.

मी ती उचलली. त्यांना द्यावी म्हणून पुढे आलो, क्लीनरच्या बाजूने आत चढलो, आणि बघितलं तर उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय उघडा. त्या तापलेल्या जमिनीवरून, खापऱ्यांवरून, हा माणूस अनवाणी पायाने गाडीला अर्धी फेरी मारून आला होता.

मला वाटलं, आता विचारतील. आता खाली बघतील. त्यांनी चावी फिरवली, आरशाला लटकवलेल्या गणपतीला हात लावला आणि गाडी काढली.

मी चप्पल हत्यारांच्या पिशवीआड मांडीवर धरली आणि गप्प बसलो. कधीमधी बिघडणाऱ्या इंजिनाबरोबर हेच करायचं असतं. हात न लावता, मध्ये न बोलता, नुसतं ऐकत बसायचं. इतके दिवस मी ते सोडून सगळं केलं होतं.

गाडी त्यांनी सुरेख चालवली, हे मला सांगितलंच पाहिजे. पुलावर, चौकात, रिक्षांच्या गर्दीतून ती पाण्यावरून जावी तशी गेली. रावसाहेब मजेत बोलत होते. पावसाळ्यात माठ संपले की पणत्या धरायच्या, दिवाळीला दोन हजार, चार हजार, जेवढ्या निघतील तेवढ्या. मागे फळीवर गाडीला नाव घालायचं. कौशल्या म्हणत होती देवाचं घाला, त्यांना वाटत होतं नुसतं ‘रावसाहेब’ लिहावं.

“चाळीस वर्षं दुसऱ्याचं नाव मागं घिऊन फिरलो,” ते म्हणाले.

खराडी बायपासचा सिग्नल लाल झाला. त्यांनी ब्रेक दाबला. मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होतो. पाय उचलला गेला, पुढे आला, आणि क्लचच्या पेडलच्या कडेला, नुसत्या पत्र्यावर, घट्ट दाबला गेला. मांडी ताणलेली मला दिसली. त्यांनी आपलं पूर्ण काम केलं होतं. पेडल मात्र जिथल्या तिथे उभं होतं.

गाडीने ठेच खाल्ली आणि बंद पडली. मागे एक माठ फुटल्याचा आवाज झाला.

रावसाहेबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले आणि माझ्याकडे वळले. चेहरा उजळला होता.

“बघितलंसा? बघितलंसा आता? पटलं का? मी खोटं बोलत न्हवतो!”

मागे हॉर्न सुरू झाले. मी पिशवी बाजूला केली.

“रावसाहेब, तुमची डावी चप्पल कुठंय?”

“आँ?”

“चप्पल.”

त्यांनी खाली बघितलं. मग म्हणाले, “पडली असंल हितंच कुठंतरी.”

मी मांडीवरची चप्पल वर धरली. “कुंभारवाड्यात पडली. पाऊण तास झाला.”

सिग्नल हिरवा झाला आणि पुन्हा लाल झाला. एक मोटरसायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, “आजोबा, इथंच राहणार असाल तर पाटी लावा.” रावसाहेबांनी त्याला शिवी दिली नाही. मी खाली उतरलो, पलीकडच्या दाराशी गेलो. ते आतल्या आत सरकून क्लीनरच्या बाजूला गेले. मी गाडी चालू केली आणि पुढे एका टायरवाल्याच्या शेडखाली नेऊन उभी केली.

तिथे मी त्यांचा पाय माझ्या गुडघ्यावर घेतला. ते नको नको म्हणत होते, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे म्हणून. तळव्यात, टाचेच्या जरा वर, खापरीचा नखाएवढा तुकडा रुतला होता. भोवती रक्त वाळलं होतं. मी हत्यारांच्या पिशवीतून बारीक पकड काढली, पुसली आणि तुकडा ओढला. रावसाहेब बघत होते, दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसे.

“दुखतंय?”

“न्हाय.” मग मान वर करून, “दुखायला पायजे हुतं का?”

मी पाण्याच्या बाटलीने जखम धुतली, नवीन फडकं बांधलं. “साखर किती वर्षं झाली?”

“सात-आठ. गोळी खातो. कधी र्‍हाती.”

“पायाचं कधी कळलं?”

“कळलं कुठं? मुंग्या येत्यात, म्हटलं वय झालं. चप्पल निसटती, तर कौशल्या म्हनती ढिली घेता. मग लहान नंबराची घेतली.” त्यांनी हातात धरलेल्या चपलेकडे बघितलं. “ती बी निसटली.”

टायरवाल्याने दोन चहा आणून ठेवले. रावसाहेबांनी बिनसाखरेचा आहे का विचारलं नाही, आणि प्यालेही नाहीत.

“तुम्हाला कवा कळलं, मिस्त्री?”

खोटं बोलायची माझी तयारी होती. पण वही समोर डॅशबोर्डवर होती.

“वही वाचली तेव्हा.”

“मग क्लच का खोलला?”

मी फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

“माझं मन राखलंसा,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “पंधरा दिस मी त्या शाळेपुढनं गाडी नेली. रोज पोरं आडवी येत्यात. त्यांचं कोन राखनार हुतं?”

आयुष्यात मला बऱ्याच जणांनी बोल लावले. मालकांनी, गिऱ्हाइकांनी, पोलिसांनी. त्यातले निम्मे मी विसरलो. हा विसरलो नाही.

मग त्यांनी वही उघडली, खिशातलं पेन काढलं आणि धक्क्याला गाडी टेकवावी तसं एकेक अक्षर टेकवत लिहिलं. तारीख, वेळ, खराडी बायपासचा सिग्नल. माल भरलेला. डिझेल पाऊण टाकी. पुढे लिहिलं, ‘गाडीत दोष नाही.’ वही मिटली आणि म्हणाले, “चला. माठ पोचवायचं हायत.”

वाघोलीपर्यंत मी गाडी नेली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं. पायातली जाणीव गेली ती परत यायची नाही, राहिलेली सांभाळा, आणि क्लचची गाडी चालवू नका, असं सांगितलं. केदारने दुसरी गाडी बघितली. मे गेला, जून गेला. एकदा कौशल्यावहिनींचा फोन आला.

“भाऊजी, हे रोज सकाळी गाडी पुसत्यात. चालू मातर करत न्हायत. बॅटरी उतरंल का हो?”

“उतरेल वहिनी.”

“कुनाचीबी उतरंल,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रावसाहेबांनी गाडी विकली असेल असं मी धरून चाललो होतो. विचारायला तोंड नव्हतं. आणि दिवाळीच्या दहा दिवस आधी, सकाळी, गॅरेजच्या दारात ओळखीचा आवाज आला. इंजिन मी झोपेतही ओळखतो.

स्टिअरिंगवर भाग्यश्री होती, त्यांची धाकटी मुलगी. खराडीत कुरिअरच्या गोदामात कामाला होती, ती नोकरी तिने सोडली होती.

“काका, ऑइल चेंज करायचंय. आणि प्लीज बाबांना सांगा, सिग्नल दिसला की सारखं क्लच क्लच ओरडू नका. मला पण दिसतो सिग्नल.”

“ओरडत न्हाय, आठवन करतो,” क्लीनरच्या बाजूने रावसाहेब उतरत म्हणाले. पायांत पट्ट्यांचे काळे बूट होते. मागे हौद्यात गवत न घालता रचलेल्या पणत्या. केदारने एक खेप देऊन बघितली होती, ती धरून ही सहावी.

ऑइल गळत होतं तोवर त्यांनी वही माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, त्या दिवशीच ती संपली. ती संपली नव्हती.

‘३ ऑगस्ट. घरापुढचा रस्ता. बंद पडली. भाग्यश्रीने क्लच लवकर सोडला. पाय चांगला हाय.’

‘३ ऑगस्ट. तिथंच. परत.’

‘४ ऑगस्ट. सात वेळा. ती रडली. मी पण शिकताना रडलो होतो, सांगितलं नाही.’

‘२९ सप्टेंबर. खराडी बायपास. गाडी रिकामी. एकदा.’

मग तारखा विरळ होत गेल्या होत्या. शेवटची नोंद परवाची होती.

‘शाळेपुढचा स्पीडब्रेकर. माल पणत्या, दोन हजार. पोरं होती. बंद पडली नाही.’

मी ती ओळ बोट ठेवून वाचली, आणि वही त्यांना परत दिली. फळीवर अजून नाव घातलेलं नव्हतं.

निघताना गल्लीत एक टेम्पो आडवा लागला होता, म्हणून गाडी मागे घ्यायला हवी होती. रावसाहेब गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मोकळ्या आवाजात, बारा वर्षांच्या क्लीनरने द्यावी तशी हाळी देऊ लागले. “येऊ दे… येऊ दे… डावी मार… येऊ दे…” मग पत्र्यावर तळहाताची एक थाप. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी जागच्या जागी थांबली. पणत्या हलल्या नाहीत.

ते डाव्या दाराशी आले. चढण्याआधी खाली वाकले. डाव्या बुटाचा पट्टा बघितला, पाय वर घेऊन तळ बघितला, त्यात काही रुतलंय का ते बोटाने चाचपलं. लांबच्या खेपेला निघण्याआधी टायर बघतात, तसं. मग वर चढून दार लावलं, हात खिडकीबाहेर काढला, आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.